उद्धाराविना गौरव : अँग्लो-सॅक्सन वीरकाव्यातील एक नैतिक प्रश्न

१

फ्रिसियन लोकांचा राजा राडबोड याच्याविषयीची एक आख्यायिका संत वुल्फ्राम याच्या लॅटिन चरित्रात आली आहे. राडबोड ७१९ मध्ये मरण पावला आणि अखेरपर्यंत ख्रिस्ती झाला नाही. आख्यायिका सांगते, की बाप्तिस्म्यासाठी त्याने एक पाय पाण्यात ठेवलाही होता. तेवढ्यात त्याने धर्मगुरूला विचारले : आपल्या वंशात होऊन गेलेले राजे आणि सरदार आज स्वर्गात आहेत की नरकात? बाप्तिस्मा न घेता मेलेल्यांना नरकाखेरीज दुसरी गती नाही, असे उत्तर मिळताच त्याने पाण्यातला पाय मागे घेतला. मूठभर दरिद्री लोकांबरोबर स्वर्गात बसण्यापेक्षा आपल्या माणसांबरोबर राहणे त्याला अधिक प्रशस्त वाटले.

चरित्रकाराने ही कथा राडबोडचा हटवादीपणा दाखवण्यासाठी सांगितली आहे. पण कथेचा रोख त्याच्या हेतूला पुरता बांधील राहत नाही. नव्या सत्याचा स्वीकार करायचा म्हणजे ज्यांनी आपल्याला घडवले त्यांच्या विनाशाला संमती द्यायची काय, हा राडबोडचा प्रश्न आहे, आणि त्या शतकांत ख्रिस्ती होत असलेल्या कोणत्याही जर्मानिक समाजाला तो टाळता येण्याजोगा नव्हता. इंग्लंडमध्ये त्याला एक वेगळे परिमाण लाभले. पोप ग्रेगरीने पाठवलेला ऑगस्टीन ५९७ मध्ये केंटला पोहोचला आणि त्यानंतरच्या शतकभरात अँग्लो-सॅक्सन राज्ये एकामागून एक ख्रिस्ती झाली. ग्रंथलेखनाची विद्या मठांच्या आश्रयाने वाढली. परिणामी जुन्या वीरगाथा लेखनबद्ध झाल्या त्या अशा लोकांच्या हातून, की ज्यांच्या श्रद्धेनुसार त्या गाथांतील नायकांना मोक्ष नव्हता. ज्यांचा उद्धार नाही असे आपली श्रद्धा सांगते, त्यांचा गौरव करता येतो काय, आणि येत असल्यास कोणत्या अटींवर, हा अँग्लो-सॅक्सन वीरकाव्याच्या मुळाशी असलेला नैतिक प्रश्न होय.

या प्रश्नाची चर्चा मराठीत करताना परिभाषेचीच अडचण प्रथम उभी राहते. ‘पेगन’ या संज्ञेसाठी ‘मूर्तिपूजक’ म्हणावे, तर वर्णन एका आचारापुरते संकुचित होते. ‘पाखंडी’ म्हणावे, तर संज्ञेतच निकाल दिल्यासारखे होते. ‘ख्रिस्तपूर्व’ हा शब्द सर्वांत निरुपद्रवी वाटतो. पण तोच सर्वांत अधिक दिशाभूल करतो. ‘बेओवुल्फ’ या महाकाव्यातील हिगेलाक राजाची फ्रिसियावरील स्वारी ही ऐतिहासिक घटना असून तूरच्या ग्रेगरीने तिचा उल्लेख केला आहे. ती सहाव्या शतकाच्या पूर्वार्धात घडली. म्हणजे या काव्यातील माणसे कालगणनेच्या दृष्टीने ख्रिस्तानंतरची आहेत, केवळ शुभवर्तमान त्यांच्यापर्यंत पोहोचलेले नाही. ख्रिस्ताने अधोलोकात उतरून पूर्वकालीन सज्जनांना मुक्त केले, ही मध्ययुगीन श्रद्धा अब्राहाम-मोशे यांच्या उपयोगी पडते; ह्रोथगार आणि बेओवुल्फ यांच्या ती उपयोगी पडत नाही. म्हणून येथे ‘पेगन’ हीच संज्ञा, तिच्या सर्व उणिवांसह, वापरलेली बरी.

२

अँग्लो-सॅक्सन संस्कृतीत या प्रश्नाची निदान तीन उत्तरे तयार होती. काव्याने काय नाकारले हे समजल्याशिवाय त्याने काय स्वीकारले हे कळणार नाही, म्हणून ती ध्यानात घेणे आवश्यक आहे.

पहिले उत्तर निषेधाचे. ७९७ मध्ये अल्क्विनने एका इंग्लिश बिशपला लिहिलेल्या पत्रात बिशपच्या पंक्तीला वीणावादकाऐवजी धर्मग्रंथाचा वाचक असावा असा आग्रह धरला आणि इंगेल्डचा ख्रिस्ताशी संबंध तरी काय, असा प्रश्न केला. घर अरुंद आहे, त्यात दोघांना जागा नाही, अशी त्याची भूमिका होती. इंगेल्ड हा वीरगाथांमधला राजा. अल्क्विनच्या दृष्टीने तो नरकात विलाप करणारा आहे. त्याच्या गाण्यात रमणे म्हणजे स्वर्गीय राजाशी द्रोह करणे. पत्राचा सूर जितका कठोर, तितकाच तो एक गोष्ट उघड करतो : आठव्या शतकाच्या अखेरीस धर्मसंस्थेच्या भोजनगृहांत इंगेल्डची गाणी आवडीने ऐकली जात होती.

दुसरे उत्तर अपवादाचे. आठव्या शतकाच्या आरंभी व्हिट्बीच्या मठात रचलेल्या ग्रेगरीच्या चरित्रात रोमन सम्राट त्राजान याची कथा येते. त्राजानने एका विधवेला न्याय दिला होता. ते स्मरून ग्रेगरीने अश्रू ढाळले आणि त्या अश्रूंनीच त्या मृत सम्राटाचा बाप्तिस्मा झाला, असे ही कथा सांगते. सज्जन पेगन नरकात असावा हे मनाला पटत नाही, आणि बाप्तिस्म्याविना मोक्ष नाही हा नियमही मोडता येत नाही. तेव्हा चमत्काराचा आधार घेऊन नियम आणि करुणा दोन्ही राखायच्या, अशी ही युक्ती आहे.

तिसरे उत्तर वंशावळीचे. अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकलमध्ये ८५५ सालाखाली वेसेक्सचा राजा एथेलवुल्फ याची वंशावळ दिली आहे. ती वोडेनपाशी थांबत नाही. त्याच्याही मागे जाते आणि काही हस्तलिखितांत शेआफ नावाच्या पूर्वजाला नोहाच्या तारवात जन्मलेला त्याचा पुत्र ठरवून थेट आदामापर्यंत पोहोचते. पूर्वजांना नरकात पाहणे असह्य असेल, तर त्यांना बायबलच्याच कुळात दाखल करून घ्यायचे, असा हा व्यवहार आहे. यात पेगन भूतकाळाचा निषेध नाही आणि त्याच्याबद्दल शोकही नाही. तो भूतकाळ पेगन होता ही वस्तुस्थितीच पुसून टाकलेली आहे.

‘बेओवुल्फ’च्या कवीने ही तिन्ही उत्तरे बाजूला ठेवली आहेत. काव्याचा आरंभ तो त्याच शेआफशी नावाने जोडल्या गेलेल्या शिल्ड शेफिंगपासून करतो. परंतु नोहाचे तारू तेथे नाही. शिल्डचे प्रेत शस्त्रास्त्रांनी व संपत्तीने भरलेल्या नौकेत ठेवून ती समुद्रात सोडली जाते. शिल्ड ‘फ्रेआ’च्या, म्हणजे स्वामीच्या, आश्रयास गेला असे कवी आधी म्हणतो. हा स्वामी कोणता, हे तो सांगत नाही. नंतर, त्या नौकेतला भार कोणी स्वीकारला हे राजसभेतले जाणतेही खात्रीने सांगू शकत नाहीत, असे म्हणून तो हा प्रसंग संपवतो. वंशावळकाराला जेथे उत्तर ठाऊक आहे, तेथे कवी अज्ञान नोंदवतो. या अज्ञानाची नोंद हाच त्याच्या नैतिक भूमिकेचा पाया आहे.

३

३१८२ ओळींचे हे काव्य एकाच हस्तलिखिताच्या रूपाने टिकून राहिले. इसवी सन १००० च्या आसपास लिहिलेल्या त्या हस्तलिखिताला १७३१ च्या आगीत झळ पोहोचली. पण ते वाचले. काव्याच्या रचनाकालाविषयी आठव्या शतकापासून अकराव्या शतकाच्या आरंभापर्यंत मते मांडली गेली आहेत. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टोरोंटो परिसंवादाच्या निबंधांनी प्राचीनत्वाचा समज डळमळीत केला, तर २०१४ मध्ये लिओनार्ड नाइडॉर्फ यांनी संपादलेल्या निबंधसंग्रहाने आठव्या शतकाचा पक्ष पुन्हा बळकट केला. रचनाकाल कोणताही मानला, तरी कवी ख्रिस्ती आणि त्याची पात्रे पेगन हे अंतर कायम राहते.

या अंतराचा अर्थ लावण्यात समीक्षेने बराच प्रवास केला आहे. एफ. ए. ब्लॅकबर्न यांनी १८९७ मध्ये काव्यातील ख्रिस्ती उल्लेख हे मूळ पेगन संहितेवर नंतर चढवलेले रंग मानले. फ्रीड्रिख क्लेबर यांनी १९११-१२ मधील लेखमालेत आणि पुढे १९२२ च्या आपल्या संपादनात हे रंग संहितेच्या विणीतच आहेत, ते खरवडून काढता येत नाहीत, हे दाखवून दिले. जे. आर. आर. टॉल्किन यांच्या १९३६ च्या व्याख्यानाने प्रश्नच बदलला : कवी हा भूतकाळाकडे मागे वळून पाहणारा, त्या काळाच्या पराभूत पण न नमणाऱ्या धैर्याचा मर्मज्ञ आहे. १९६७ मध्ये लॅरी बेन्सन यांनी ब्लॅकबर्न यांची उपपत्ती उलटी केली. एका ख्रिस्ती काव्याला पेगन रंग का दिला गेला, याचा शोध घ्यायला हवा, असे त्यांचे म्हणणे होते. मार्गारेट गोल्डस्मिथ यांनी १९७० च्या ग्रंथात बेओवुल्फ हा गर्व आणि धनलोभ यांनी ग्रासलेला नायक आहे, असा धर्मशास्त्रीय निवाडा दिला. फ्रेड रॉबिन्सन यांनी १९८५ मध्ये या चर्चेला भाषिक आधार पुरवला. ‘मेतोद’, ‘द्रिख्तेन’, ‘फ्रेआ’ यांसारखे शब्द पात्रांच्या तोंडी आपला जुना अर्थ राखतात आणि ख्रिस्ती श्रोत्याच्या कानी नवा अर्थ घेऊन येतात. कवी या दुहेरीपणाचा जाणीवपूर्वक उपयोग करतो, असे त्यांनी दाखवले.

यांपैकी ब्लॅकबर्न आणि गोल्डस्मिथ यांच्या भूमिका परस्परविरोधी भासतात. पण त्यांत एक साम्य आहे. कवीने या माणसांविषयी निर्णय घेतलेला आहे असे दोघेही गृहीत धरतात : एकाच्या मते तो मूळात गौरवाचा होता, दुसऱ्याच्या मते तो दोषारोपाचा आहे. गौरव आणि निर्णय या दोन वेगळ्या कृती असू शकतात, ही शक्यता दोन्ही मांडण्यांत उरत नाही.

४

काव्यातील ज्ञानाची वाटणी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. ग्रेंडेल हा केनच्या वंशातला आहे, हे निवेदक सांगतो. ह्रोथगारला किंवा बेओवुल्फला ते ठाऊक नाही. ग्रेंडेलच्या आईच्या गुहेतून आणलेल्या प्राचीन तलवारीच्या मुठीवर महापूर आणि त्यात बुडालेले राक्षसकुळ यांची कथा कोरलेली आहे. ह्रोथगार ती मूठ हातात घेऊन निरखतो. पण कोणता पूर आणि कोणाचा कोप, हे केवळ श्रोत्याला उमगते. राजाच्या हाती पवित्र इतिहासाचा एक तुकडा आलेला आहे आणि तो वाचण्याची विद्या त्याच्यापाशी नाही. लगेच तो बेओवुल्फला गर्वाविषयी प्रदीर्घ उपदेश करतो. शाश्वत हित निवड, असेही तो सांगतो. पण ते हित कोणते आणि कोठे लाभते, याचा पत्ता त्याला देता येत नाही. त्याच्या उपदेशात नीती आहे, कृतज्ञता आहे, एका ईश्वरी सत्तेची जाणीवही आहे. तारणाचे आश्वासन मात्र नाही. साऱ्या काव्यात ख्रिस्ताचे नाव एकदाही येत नाही, ही गोष्ट या संदर्भात अर्थपूर्ण ठरते.

या मांडणीला सर्वांत मोठा अडसर हेओरोत सभागृहावरील आपत्तीनंतर डेन लोक देवस्थानांत बळी अर्पण करतात, त्या उताऱ्याचा आहे. तेथे कवी उघडपणे बोलतो : आत्म्यांचा घात करणाऱ्याकडे ते मदत मागत होते, तीच त्यांची रीत होती, खऱ्या ईश्वराला ते ओळखत नव्हते. जो संकटकाळी आपला आत्मा अग्नीच्या स्वाधीन करतो त्याचा तो धिक्कारही करतो. हेच डेन लोक इतरत्र ईश्वराचे आभार मानतात, म्हणून टॉल्किन यांना या उताऱ्यात उत्तरकालीन हस्तक्षेपाचा संशय आला. परंतु उतारा जसा आहे तसा स्वीकारला, तरी त्यात दोन स्तर दिसतात. कृत्याचा निवाडा निःसंदिग्ध आहे : हे पूजन विनाशाकडे नेते. करणाऱ्यांविषयी बोलताना मात्र त्यांच्या अज्ञानावर भर आहे, आणि धिक्काराचे वाक्य येते ते सर्वसामान्य विधान म्हणून, कोणाचेही नाव न घेता. ह्रोथगार त्या विनाशात आहे असे कवी म्हणत नाही. तो त्यातून सुटला असेही म्हणत नाही.

हा उतारा नसता तर ‘बेओवुल्फ’ हे नैतिक दृष्ट्या सोपे काव्य झाले असते. पूर्वज जवळजवळ ख्रिस्तीच होते, अशी सुखद समजूत करून घेता आली असती. कवी ती करून घेऊ देत नाही. आदर दाखवण्यासाठी तो त्यांचे पेगनपण झाकत नाही. त्यामुळे त्याच्या आदराला किंमत मोजावी लागते, आणि ती किंमत म्हणजे काव्यभर पसरलेला शोक होय.

५

अशा आदराचा अर्थ वीरमूल्यांचा भाबडा स्वीकार असा होत नाही. उलट त्या मूल्यांची चिकित्सा कवी त्यांच्याच कक्षेत राहून करतो. वीरसमाजाचा कणा म्हणजे सूड आणि त्याला पर्याय असलेले रक्तमूल्य. मित्रासाठी शोक करीत बसण्यापेक्षा त्याचा सूड घेणे श्रेयस्कर, असे बेओवुल्फ ह्रोथगारला सांगतो आणि कवी त्याला टोकत नाही. क्षमेचा उपदेश येथे बाहेरून आणलेला नाही.

त्याऐवजी कवी एकामागून एक अशी उपाख्याने मांडतो, की ज्यांत ही नीती स्वतःच्याच नियमांनी कुंठित होते. फिन्सबुर्हच्या कथेत हिल्डेबुर्हचा भाऊ एका पक्षाकडून आणि मुलगा दुसऱ्या पक्षाकडून पडतो. दोघांची प्रेते एकाच चितेवर चढतात, आणि कोणाच्या बाजूने सूड मागावा हा प्रश्नच तिच्यापुरता निरर्थक होतो. ह्रेथेल राजाचा एक मुलगा दुसऱ्याच्या चुकलेल्या बाणाने मरतो. सूड घ्यावा तर मुलगाच मारावा लागतो, रक्तमूल्य मागावे तर ते स्वतःकडूनच मागावे लागते. ह्रेथेल अंथरूण धरतो आणि दुःखानेच मरतो. त्याने ईश्वराचा प्रकाश निवडला, एवढेच कवी म्हणतो. तिसरा प्रसंग इंगेल्डचाच आहे. ह्रोथगार आपली मुलगी फ्रेआवारू त्याला देऊन जुने वैर मिटवू पाहतो. लग्नाच्या मेजवानीत एखादा म्हातारा योद्धा कोणाच्या कमरेला कोणाची तलवार आहे हे दाखवून देईल आणि सारे पुन्हा पेटेल, असे भाकीत बेओवुल्फ करतो.

अल्क्विनने ज्या इंगेल्डला दाराबाहेर ठेवले, त्याला कवीने काव्यात जागा दिली, आणि ती गौरवासाठी नव्हे. इंगेल्डची शोकांतिका काय आहे, हे अल्क्विनच्या निषेधातून कळत नाही, काव्यातून कळते. एखाद्या मूल्यव्यवस्थेची मर्यादा तिच्या शत्रूपेक्षा तिच्यावर माया असलेल्याला अधिक नेमकी दिसते, याचा हा दाखला म्हणता येईल.

६

बेओवुल्फच्या मृत्यूपाशी हे सारे धागे एकत्र येतात. राक्षसी सर्पाने त्याचे निवासस्थान जाळले तेव्हा, आपल्या हातून प्राचीन नियमाचा भंग होऊन ईश्वर रुष्ट झाला असावा, अशी शंका त्याच्या मनात येते. हा नियम कोणता, हे त्याला ठाऊक नाही. मरताना तो आपल्या आयुष्याचा हिशेब मांडतो : कपटाने वैर उकरले नाही, खोट्या शपथा घेतल्या नाहीत, आप्तांची हत्या केली नाही, त्या बाबतीत माणसांचा नियंता आपल्याला दोष देणार नाही. आपला कधीतरी निवाडा होणार आहे असे या माणसाला जाणवते. तो कोणत्या कायद्याने होणार, हे त्याला कोणी सांगितलेले नाही.

त्याचा आत्मा ‘सोथफॅस्त्रा दोम’ शोधायला निघाला, असे निवेदक सांगतो. या शब्दयोजनेवर समीक्षकांनी बराच खल केला आहे. ‘दोम’ म्हणजे निवाडा आणि ‘दोम’ म्हणजेच कीर्ती. वीराला मृत्यूनंतर उरते ती आणि ईश्वरासमोर आत्म्याला सामोरे जावे लागते तोही. सज्जनांच्या वाट्याला येणारा गौरव त्याला लाभला, असा एक अर्थ होतो. सज्जनांचा निवाडा त्याला भेटणार आहे, असा दुसरा. मराठीत भाषांतर करताना ‘कीर्ती’ किंवा ‘निवाडा’ यांतला एक शब्द निवडावाच लागतो, आणि कोणताही निवडला तरी मूळ कवीने न घेतलेला निर्णय भाषांतरकाराला घ्यावा लागतो.

नंतर येते दहन. हे साधे रंगद्रव्य नव्हे. शार्लमेनने आठव्या शतकाच्या उत्तरार्धात जिंकलेल्या सॅक्सनांवर लादलेल्या कायद्यात पेगन रीतीने प्रेत जाळणाऱ्याला देहान्ताची शिक्षा सांगितली होती. ख्रिस्ती कवी आपल्या नायकाला ठळकपणे याच रीतीने निरोप देतो. चितेचा धूर आकाशाने गिळला, एवढेच तो नोंदवतो. शिल्डची नौका जशी अज्ञाताकडे गेली, तसा हा धूरही जातो. आकाशासाठी वापरलेला शब्द स्वर्गासाठीही वापरला जातो. पण धूर म्हणजे आत्मा, असे कवी म्हणत नाही.

७

वीरमूल्ये आणि ख्रिस्ती श्रद्धा यांचा मेळ घालण्याचे अन्य मार्ग अँग्लो-सॅक्सन कवींना परिचित होते. ‘द ड्रीम ऑफ द रूड’ या काव्यात ख्रिस्त हा तरुण वीर आहे. तो स्वतः वस्त्रे उतरवतो आणि धैर्याने क्रूसावर चढतो. कथा क्रूसच सांगतो. तो आपल्या स्वामीचा पाईक आहे. सारे शत्रू आडवे करण्याचे बळ त्याच्यात आहे; पण न वाकण्याची आज्ञा असल्याने तो उभा राहतो आणि स्वामीच्याच वधाचे साधन होतो. टॅसिटसने इसवी सन ९८ च्या सुमारास ‘जर्मानिया’त वर्णन केलेल्या स्वामिनिष्ठेचा, स्वामीला रणात एकटे न सोडण्याच्या धर्माचा, येथे विलक्षण विपर्यास झाला आहे : निष्ठेची परीक्षा स्वामीचे रक्षण न करण्यात आहे. ‘सीफेअरर’मध्ये ‘लोफ’ या शब्दाचे असेच स्थलांतर होते. मागे राहिलेल्यांनी केलेली स्तुती ही वीराची खरी मिळकत. ती सैतानाशी झुंजून मिळवावी म्हणजे देवदूतांमध्येही टिकेल, असे ते काव्य सुचवते.

या रूपांतराची शक्ती नाकारता येत नाही. मात्र त्यात जुनी मूल्ये उद्धरली जातात, जुनी माणसे नाहीत. शब्द स्वर्गात पोहोचतात. ज्यांनी ते शब्द आधी जगून दाखवले, ती माणसे मागे राहतात.

‘द बॅटल ऑफ मॉल्डन’मध्ये परिस्थिती आणखी गुंतागुंतीची आहे. ऑगस्ट ९९१ मध्ये एसेक्सचा एआल्डॉरमन बिर्टनोथ व्हायकिंगांशी लढताना पडला. त्याने शत्रूला भरती-ओहोटीच्या वाटेवरून अलीकडे येऊ दिले. कवी या निर्णयाचे कारण ‘ओव्हरमोद’ असे देतो. धार्मिक काव्यात हा शब्द बंडखोर देवदूताच्या गर्वासाठी येतो; टॉल्किन यांनी १९५३ मध्ये त्याचा दोषवाचक अर्थ आग्रहाने मांडला. येथे नायक ख्रिस्ती आणि शत्रू पेगन आहेत. बिर्टनोथ मरताना आपला आत्मा ईश्वराच्या हाती सुखरूप जावा, अशी प्रार्थना करतो. त्यानंतर त्याचे पाईक जे बोलतात त्यात स्वर्ग नाही. मराठीत खाल्ल्या मिठाला जागावे म्हणतात. तेथे सभागृहात मद्याच्या साक्षीने केलेल्या प्रतिज्ञांना जागायचे असते. ते ईश्वराची प्रार्थना करतात, पण ती स्वामीचा सूड घेता यावा म्हणून. श्रद्धा ख्रिस्ती आहे, मागणे जुनेच आहे, आणि कवीला त्यात काही खटकत नाही. त्याच वर्षी व्हायकिंगांना १०,००० पौंडांची खंडणी देण्यात आली, हे क्रॉनिकलवरून कळते. तेव्हा या निष्ठेने राज्य वाचवले असेही म्हणता येत नाही. मॉल्डनच्या कवीला मात्र आपल्या नायकाच्या अंतिम गतीची चिंता करावी लागत नाही. ‘बेओवुल्फ’च्या कवीपुढची खरी अडचण त्याच्यापुढे नाही.

८

या विवेचनावर दोन आक्षेप घेता येतील. पहिला समाजशास्त्रीय आहे. पॅट्रिक वर्मल्ड यांनी १९७८ मधील आपल्या निबंधात दाखवले, की अँग्लो-सॅक्सन धर्मसंस्था सरदारघराण्यांतील स्त्रीपुरुषांनी भरलेली होती आणि त्यांनी आपली अभिरुची व कुलाभिमान मठात सोबत आणला. मग कवीचा संयम हा नैतिक संयम नसून वर्गहिताची सोय आहे, असे का म्हणू नये? हा आक्षेप अंशतः मान्य करावा लागेल. असे काव्य का ऐकले गेले आणि का जतन झाले, याचे उत्तर त्यात आहे. पण कुलाभिमानाची सोय पाहायची, तर वंशावळकाराचा मार्ग अधिक सोयीचा होता. डेन लोकांच्या बळीपूजेचा उतारा, इंगेल्डचे अपयश, बेओवुल्फच्या मृत्यूनंतर गेआत लोकांवर येऊ घातलेला सर्वनाश, यांपैकी काहीही कुलाभिमानाला सुखावणारे नाही. काव्याची गरज वर्गाने निर्माण केली असेल. काव्याने त्या गरजेला दिलेले उत्तर वर्गाच्या मागणीबरहुकूम नाही.

दुसरा आक्षेप नीतिशास्त्रीय असून अधिक गंभीर आहे. निर्णय न देणे ही पळवाट नव्हे काय? श्रद्धा स्पष्ट असताना मौन बाळगणे हा श्रद्धेशीही अप्रामाणिकपणा आणि पूर्वजांशीही. याचे उत्तर कवीने कोठे मौन पाळले आणि कोठे पाळले नाही, यावरून द्यावे लागते. कृत्यांविषयी तो मौन पाळत नाही : मूर्तिपूजा, आप्तहत्या, कृपणता, भ्याडपणा यांना तो नावानिशी दोष देतो, आणि औदार्य, निष्ठा, धैर्य यांची नावानिशी प्रशंसा करतो. तो थांबतो ते माणसाच्या अंतिम गतीपाशी. तेथे निवाडा करण्याचा अधिकार आपला नाही, असे त्याचीच श्रद्धा त्याला सांगते. अल्क्विनची खात्री, ग्रेगरीचे अश्रू आणि वंशावळकाराचे तारू यांच्या तुलनेत हे मौन ख्रिस्ती सिद्धान्ताशी कमी नव्हे, कदाचित अधिक सुसंगत आहे. शिवाय या मौनात दिलासा नाही. राडबोडने पाय मागे घेऊन स्वतःचे दुःख संपवले. कवी पाण्यात उभा राहतो आणि मागे वळून पाहतो.

भूतकाळातील माणसांची पारख नंतरच्या मूल्यांनी करण्याचा प्रसंग प्रत्येक पिढीवर येतो. त्या वेळी सर्व काही क्षम्य ठरवणे आणि सर्व काही त्याज्य ठरवणे या दोन्ही गोष्टी सारख्याच सोप्या असतात, कारण दोहोंतही दुःख वाटून घ्यावे लागत नाही. ‘बेओवुल्फ’मध्ये प्रशंसा आणि दोषदर्शन दोन्ही आहेत, आणि त्यांची बेरीज करून उत्तर काढलेले नाही.

काव्याचा शेवट या दृष्टीने पुन्हा वाचावा लागतो. बारा सरदार ढिगाऱ्याभोवती घोडे फिरवतात आणि आपल्या राजाविषयी बोलतात. तो जगातील राजांमध्ये सर्वांत उदार, सौम्य, प्रजेवर माया करणारा होता, असे ते म्हणतात, आणि अखेरचा शब्द येतो ‘लोफ्येओर्नोस्त’ : स्तुतीची सर्वांत अधिक आस असलेला. धर्मपर गद्यात हाच शब्द दोषवाचक आहे. साधकाने असे असू नये, या अर्थाने तो तेथे येतो. त्यावरून कवीने शेवटी नायकाला दोष दिला, असे काहींनी मानले. इतरांनी तो निर्भेळ गौरव मानला. दोन्ही पक्षांच्या नजरेतून एक व्याकरणिक तपशील सहज निसटतो. ती वाक्ये निवेदकाची नाहीत. गेआत लोक असे म्हणाले, एवढेच निवेदक सांगतो. ज्यांनी त्याचे मीठ खाल्ले, ज्यांना त्याच्या मृत्यूनंतर संरक्षण उरले नाही आणि ज्यांना दुसरा कोणताही मापदंड ठाऊक नव्हता, त्यांची साक्ष कवीने जशीच्या तशी नोंदवली आहे. स्वतःची साक्ष त्याने तिला जोडलेली नाही.